सदतीस नंबरचा फॉर्म

इनॉक झिराडकर आणि शशिकला देवस्थळी यांची पहिली भेट तीन दिवस चालली, असं शशिकला आजही सांगते. घड्याळाप्रमाणे ती पावणेदोन तासांत आटोपली होती. पण ते घड्याळ झिराडकरांच्या भिंतीवरचं होतं, त्यामुळे त्याची साक्ष धरता येत नाही, असं तिचं म्हणणं. ती नवीन पनवेलला त्यांच्या घरी मुलाखतीला गेली तेव्हा तिचे केस काळेभोर होते, आणि बाहेर पडली तेव्हा मेंदी लावायची वेळ झाली होती. मधल्या काळात तिकडे विमानतळाचं काम वर्षभराने पुढे सरकलं.

झालं ते असं. तिने बेल वाजवली. दार उघडलं, आणि पाच फूट दोन इंचांचे एक गृहस्थ उभे राहिले. शर्टाच्या खिशात चार पेनं, पाचवं कानावर. ‘या, बसा,’ म्हणाले. शशिकला खुर्चीकडे वळली, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

‘बसण्याआधी एक सांगा. घर म्हणजे काय?’

शशिकला अर्धी वाकलेली होती. ‘जिथे माणसं राहतात ते.’

‘हॉस्पिटलातही राहतात.’

‘आपली माणसं राहतात ते.’

‘दोन सख्खे भाऊ. छप्पर एक, चुली दोन. एकमेकांचं तोंड बघत नाहीत. किती घरं?’

‘दोन.’

‘बरं. मुलगा पुण्याला शिकतो. शनिवारी येतो, आठवड्याचं धुणं टाकतो, डबा भरून घेतो, रविवारी जातो. तो घरातला?’

‘तो पाहुणा. धुणं त्याचं, म्हणून त्रासाचा पाहुणा.’

असे एकवीस प्रश्न झाले. भाडेकरू झाले, घरजावई झाले, दुबईला गेलेला नवरा झाला, स्वयंपाकाला येऊन तिथेच जेवणारी बाई झाली. शशिकला अजून उभीच होती. शेवटी आतून झिराडकरांच्या पत्नी, सोफीवहिनी, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, त्या बाईंना टेकू तरी द्या. मेलेल्या माणसालासुद्धा आडवं करतात.’

शशिकला टेकली, चहाचा घोट घेतला आणि वैतागून म्हणाली, ‘ज्यांचं मीठ एका डब्यातलं, ते एक घर. संपलं.’

झिराडकरांनी कानावरचं पेन काढलं आणि ते वाक्य लिहून घेतलं. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘मी छत्तीस वर्षं सरकारी नोकरीत माणसं मोजली. नियमावलीत हे इतकं चांगलं लिहिलेलं नाही. तुम्ही सोमवारपासून या.’

झिराडकर सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. माणसं, म्हशी, हातपंप, शिवणयंत्रं, जे जे एका जागी उभं राहील ते ते त्यांनी मोजलं होतं. व्याख्या नीट केली की जगातलं काहीही मोजता येतं, ही त्यांची श्रद्धा. खरं तर त्यांच्या घरात उलटा रिवाज. झिराडकर म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, मराठी ज्यू. त्यांच्या आईची शिकवण अशी, की माणसं आकड्याने मोजू नयेत, दृष्ट लागते. सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमलेत का हे पाहायचं तर त्यांचे वडील ‘एक नाही, दोन नाही, तीन नाही’ असं पुटपुटत बोट फिरवायचे. पुढे निम्मी माणसं इस्रायलला गेल्यामुळे पुटपुटणं सातावरच थांबायचं, ही गोष्ट वेगळी. ‘मोजू नये म्हणून बजावलेल्या आईचा हा मुलगा,’ सोफीवहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ‘लग्नात अक्षता नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर त्यासुद्धा मोजल्या असत्या.’

या वेळी मोजायचं होतं ते मात्र म्हशीसारखं उभं राहणारं नव्हतं. एका संस्थेने त्यांच्यावर काम सोपवलं होतं: कामोठे आणि नवीन पनवेलमधल्या किती स्त्रियांना लहानपणी लैंगिक शोषण सोसावं लागलं, याचा आकडा काढा. दोनशे चाळीस घरं, घरटी एक प्रौढ स्त्री, चार सर्वेक्षक. संस्थेचा संचालक इंद्रजीत, वय एकतीस, हा फोनवर ‘सर, आपल्याला एक सॉलिड नंबर पाहिजे’ एवढंच बोलायचा. नंबर सॉलिडच असतो, द्रव नंबर मी पाहिलेला नाही, असं झिराडकर म्हणाले आणि व्याख्या लिहायला बसले.

व्याख्या अकरा पानांची झाली. वय अठराच्या आत. समोरची व्यक्ती निदान पाच वर्षांनी मोठी. स्पर्श, पण लैंगिक हेतूने. दाखवणं, बोलायला लावणं, त्याचीही कलमं. खाली दोन चौकोन: होय, नाही. सर्वेक्षकांना त्यांनी तीन दिवस शिकवलं. शशिकला पहिल्या रांगेत बसायची. वय एकोणपन्नास. वीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतलेल्या, नवरा कमलाकर द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात. शिकवण्या बंद झाल्यावर घरात पाय ठरेना म्हणून तिने हे काम धरलं होतं. त्या तीन दिवसांत तिचा पाय बाकाखाली सारखा हलत होता. शेजारी बसलेली हेतल, चोवीस वर्षांची, दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘शशीताई, तुमच्यामुळे माझं पेन हलतंय.’

‘हेतू कसा कळणार, सर?’ शशिकलाने तिसऱ्या दिवशी विचारलं. ‘ज्याचा हेतू, तो आपल्या समोर बसलेला नाही. आणि जी बसलेली आहे ती तेव्हा नऊ वर्षांची होती.’

‘परिस्थितीवरून,’ झिराडकर म्हणाले. ‘पान सात पाहा.’

पान सातवर परिस्थितीची व्याख्या होती.

पहिल्या आठवड्यात एकावन्न घरं झाली आणि एकावन्न वेळा ‘नाही’ आलं. झिराडकरांना आनंद व्हायला हवा होता, पण त्यांची झोप उडाली. ‘एकावन्न घरांत कोणाला सर्दीसुद्धा झाली नाही, असं कोणी सांगितलं तर मी मानेन का?’ मग चौकशी केली तेव्हा कळलं, की सगळे फॉर्म दिवाणखान्यात भरले गेले. कामोठ्यात सर्वेक्षणवाली बाई आली की तिला पाणी मिळतं, चहा मिळतो, आणि चहाबरोबर सासू, नणंद, समोरच्या ब्लॉकमधली काकू आणि टीव्हीचा आवाज बंद करून कान देणारे सासरे मिळतात. एका घरी सासूबाईंनीच उत्तर दिलं. ‘आमच्या सुनेला असलं काही नाही. खानदानी घरातली आहे. तिच्या माहेरच्यांनी लग्नाच्या आधी सगळं सांगितलंय, ॲसिडिटीपण.’

झिराडकरांनी एकावन्न फॉर्म बाद केले. नवा नियम: खोलीत फक्त एक बाई आणि एक सर्वेक्षक. आता सर्वेक्षकांची युक्त्यांची स्पर्धा लागली. हेतल म्हणायची, महिलांच्या आजारांची चौकशी आहे. ते ऐकल्याबरोबर सासरे स्वतःहून गॅलरीत जात. शशिकला सरळ स्वयंपाकघरात शिरायची, पाटावर बसायची, आणि जे हाताला लागेल ते निवडायला घ्यायची.

आणि मग ‘होय’ यायला लागलं. भराभर नव्हे. कुकरची शिट्टी झाली की त्या आवाजात कोणी बोलायचं आणि शिट्टी थांबली की गप्प बसायचं. एका बाईने मेथी निवडता निवडता, मान वर न करता, सगळं सांगितलं. मग विचारलं, ‘ताई, हे लिहिताय ना?’

‘हो.’

‘मग नीट लिहा. मी परत सांगणार नाही.’

पण त्याहून जास्त येत होतं ते तिसरंच. ‘नाही तसं काही नाही, पण आमचे एक मामा होते.’ ‘नाही हो, पण देवळात जायला मला आवडायचं नाही.’ ‘नाही, म्हणजे ते प्रेमानेच करायचे सगळं.’ हेतलने एकदा फॉर्मच्या समासात ‘पण’ असं लिहून आणलं. झिराडकरांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘‘पण’ला चौकोन नाही, बाळ. होय की नाही?’

‘त्यांनाच माहीत नाही, सर.’

‘मग पान सात पाहा.’

तिसऱ्या आठवड्यात कामोठ्याच्या एका इमारतीत शशिकलाला तिसऱ्या मजल्यावर एक ब्लॉक बंद मिळाला. यादीप्रमाणे तिचं सदतिसावं घर. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. नियमाप्रमाणे ‘बंद’ असं लिहून पुढच्या दारी जायचं. ती जिन्यात बसली. वर कोणाकडे तरी क्लासची मुलं पाढे म्हणत होती. तिने फॉर्म मांडीवर घेतला, वय एकोणपन्नास लिहिलं, शिक्षण बी.एस्सी. लिहिलं, आणि मग पेन थांबेना.

दहा वर्षांची असताना, जुन्या पनवेलात, मे महिन्यात. शेजारचे धर्मराजकाका, वय चाळीस. त्यांनी तिला सायकल शिकवली. बारा दिवस. मागून सीट धरून पळायचे, आणि हात सीटवरून सरकायचा. दरवेळी नाही. कधीकधी. मोठ्याने हसत बोलत असायचे, गल्लीत माणसं असायची. बाराव्या दिवशी तिला सायकल आली. त्यानंतर ती सायकलवर बसली नाही. धर्मराजकाकांनी पुढे तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी खटपट केली, तिच्या लग्नात वाढायला उभे राहिले, आणि वारले तेव्हा गल्ली रडली.

‘होय’च्या चौकोनात तिने खूण केली. मग ती खोडली. ‘नाही’मध्ये केली. तीही खोडली. मग फॉर्म गठ्ठ्यात सरकवून ती उठली आणि समोरच्या इमारतीकडे चालू लागली. घरी जाऊन फाडून टाकू, असं तिने ठरवलं होतं. घरी गेल्यावर कमलाकरांनी विचारलं, ‘कसा गेला दिवस?’ ती ‘बरा’ म्हणाली आणि ओट्यामागच्या फरशा घासायला लागली. गठ्ठा हेतल संध्याकाळीच घेऊन गेली होती, हे रात्रीच्या जेवणाच्या वेळी तिच्या लक्षात आलं.

सोमवारी झिराडकर आनंदाने लाल झाले होते.

‘सदतीस नंबर,’ ते म्हणाले. ‘असा फॉर्म छत्तीस वर्षांत एकदा येतो. होय आणि नाही दोन्ही खोडलेलं. बाई, ही बाई कोण?’

‘आहे एक,’ शशिकला म्हणाली.

‘नाव नको, नाव नकोच. पण परत जावं लागेल. मी प्रश्न काढलेत.’ त्यांनी कागद पुढे केला. सायकल मुलांची होती की मुलींची? दिवसाला किती फेऱ्या? बारा दिवसांपैकी किती दिवस? काकांनी इतर मुलांनाही शिकवलं का? तिने घरी सांगितलं का? नसल्यास का नाही?

शशिकला तो कागद घेऊन घरी आली. ‘परत जायचं’ म्हणजे कुठे, हे तिला ठरवता येईना. तिने कपाट आवरलं. गच्चीवर जाऊन आली. कमलाकर म्हणाले, ‘अगं, तू बस ना जरा. मला चक्कर येतेय तुझ्याकडे बघून.’ ती बसली आणि लगेच उठली. बुधवारी तिने उत्तरं नेऊन दिली. सायकल मुलांची, भाड्याची. फेऱ्या दहा-बारा. दिवस चार किंवा पाच. इतर मुलांना नाही. घरी सांगितलं नाही. का नाही, याच्यापुढे लिहिलं होतं: ‘सायकल शिकायची होती.’

झिराडकरांनी ती ओळ दोनदा वाचली. ‘आता प्रश्न उरला हेतूचा,’ ते म्हणाले. ‘सायकल शिकवताना हात सरकणं अपरिहार्य आहे का? असेल तर ‘नाही’. नसेल तर ‘होय’. हे बसून ठरणार नाही.’

आणि मग त्यांनी ते केलं, जे फक्त झिराडकरच करू शकले असते. शुक्रवारी सकाळी त्यांनी वॉचमनची सायकल मागून घेतली, उजव्या तळव्याला निळा खडू फासला, आणि चौसष्ट वर्षांच्या सोफीवहिनींना सोसायटीच्या आवारात सायकलवर बसवलं. पंजाबी ड्रेस पांढरा घालायला लावला होता, म्हणजे ठसे दिसतील.

‘मी पडले,’ सोफीवहिनी म्हणाल्या, ‘तर मला कुठल्या चौकोनात टाकणार?’

‘तू हँडल सरळ धर.’

‘हँडल सरळच आहे. नवरा वाकडा आहे.’

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, ‘झिराडकर काका, ऑलिंपिकला नाव दिलंत का?’ झिराडकरांचं लक्ष नव्हतं. ते सीट धरून पळत होते, धापा टाकत होते, वळणावर सोफीवहिनी डुगडुगल्या की दोन्ही हातांनी सावरत होते. बारा फेऱ्या झाल्या. हेतल कागदावर रेघा ओढत होती. शशिकला बोगनवेलीजवळ उभी होती. तिचा पाय, कधी नव्हे तो, थांबला होता.

झिराडकरांनी सायकल आडवी केली, सोफीवहिनींना वळायला लावलं, चष्मा लावून नीट पाहिलं. ‘ठसे सीटवर आणि कॅरियरवर,’ त्यांनी जाहीर केलं. ‘ड्रेसवर एकही नाही. सावरताना एकदा दंडावर, ते दिसतंय. म्हणजे सीट धरली की पुरतं. हात सरकायचं काही कारण नाही.’

सोफीवहिनींनी नवऱ्याकडे न बघता शशिकलाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘वर चल. पाणी पिऊन जा.’

‘अजून संपलं नाही,’ झिराडकर मागून म्हणाले. ‘हा फॉर्म इतका मोलाचा आहे की त्याची फेरतपासणी मी स्वतः करणार. रविवारी दहा वाजता मी त्या पत्त्यावर जाणार. तुम्ही यायची गरज नाही, बाई.’

फेरतपासणीचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. घरी न जाता भरलेला एक फॉर्म जरी सापडला, तरी त्या सर्वेक्षकाचे सगळे फॉर्म बाद. शशिकलाचे तोवर एक्केचाळीस झाले होते. त्यांत पाच ‘होय’ होते. त्या पाचांत ती मेथीवाली बाई होती, जी परत सांगणार नव्हती. रविवारी झिराडकर त्या धुळकट कुलपासमोर उभे राहिले, की त्या पाचही जणी कधी बोललेल्याच नव्हत्या, असं होणार होतं.

पाणी पिताना ती सांगणार होती. पण हेतल बरोबर होती. रिक्षात बसल्यावर तिने ठरवलं, संध्याकाळी फोन करू. संध्याकाळी फोन बंद. तेव्हा तिला आठवलं, शुक्रवार मावळला की झिराडकरांच्या घरी दिवे लागतात आणि शनिवार मावळेपर्यंत काम नाही, फोन नाही.

तो शनिवार शशिकलाने कसा काढला हे कमलाकरांना विचारावं. तिने पंखे पुसले. पंखे पुसल्यावर पुन्हा पुसले. मिसळणाचे डबे रिकामे करून धुतले आणि भरताना मोहरी जिऱ्यावरच ओतली. दुपारी स्टेशनपर्यंत चालत गेली आणि काहीही न घेता परत आली. कमलाकरांनी पेपरमागून विचारलं, ‘काय झालंय?’

‘फॉर्म चुकलाय एक.’

‘मग दुरुस्त कर.’

‘तेच कळत नाहीये, कसा ते.’

कमलाकर भला माणूस. त्यांनी पेपर खाली ठेवला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि पुढे काही येत नाही असं पाहून मोहरीत हात घालून जिरं निवडायला बसले.

रात्री साडेआठला तिने फोन हातात घेतला. आता तो लागला असता. ही गोष्ट फोनवर सांगायची तर पहिलं वाक्य कोणतं, ते तिला सुचेना. तिने फोन चार्जिंगला लावला.

रविवारी सव्वानऊला ती त्या जिन्यात जाऊन बसली. दहाला पाच कमी असताना झिराडकर वर आले. तिला पाहून थबकले, मग कुलपाकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढून त्यांनी कुलपावरची धूळ पुसली आणि रुमालाकडे पाहिलं.

‘हे घर महिनाभर तरी उघडलेलं नाही,’ ते म्हणाले.

‘नाही.’

‘मग सदतीस नंबर?’

‘मी.’

झिराडकरांना एवढंसं उत्तर कळायला वेळ लागला. ते कठडा धरून दोन पायऱ्या खाली उतरले आणि तिच्याहून एक पायरी खाली बसले. वर क्लास बंद होता, रविवार होता. खालून कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

‘परवा ती सायकल,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘मी खडू लावला हाताला.’

‘हो, सर.’

‘आणि तुम्ही तिथे उभ्या होतात.’ त्यांनी चष्मा काढला. बिनचष्म्याचे झिराडकर तिने कधी पाहिले नव्हते. अगदीच साधे दिसत होते. ‘बाई, मला तुमची माफी—’

‘नको,’ शशिकला म्हणाली. ‘ते बरं झालं. चाळीस वर्षं मी धरून चालले होते की सायकल तशीच शिकवतात.’

स्कूटर चालू झाली आणि निघून गेली.

‘दुसऱ्या कोणाला विचारणार? मुलीला शिकवायची वेळ आली तेव्हा मी कमलाकरांना म्हटलं, तिला नको सायकल, रहदारी फार आहे. आता ती पुण्यात बसने फिरते.’ ती थोडी हसली. ‘मी चूक केलीय. माझा फॉर्म फाडा. पण बाकीच्या चाळिसांच्या घरी मी गेले होते. त्या बायका खऱ्या आहेत.’

झिराडकरांनी बॅगेतून नियमावली काढली. त्यांनी पान उलटलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

‘सदतीस नंबर रद्द,’ ते म्हणाले. ‘सर्वेक्षक नमुन्यात येत नाही. त्याला इलाज नाही. बाकीचे चाळीस दरवाजे मी स्वतः वाजवणार. तुम्ही आला होतात का, एवढंच विचारीन. आला होतात म्हणाल्या, तर फॉर्म राहतील.’

‘नियमाप्रमाणे सगळे बाद व्हायला हवेत.’

‘नियम घरी न जाता भरलेल्या फॉर्मचा आहे,’ झिराडकर म्हणाले. ‘तुम्ही सदतीस नंबरच्या घरी गेला नव्हतात असं मला म्हणता येत नाही.’ मग लगेच त्यांचा अधिकारी जागा झाला. ‘हे मी लिहून देणार नाही, बोलतोय फक्त.’

ती रडली नाही. तिने पदर खोचला. झिराडकर उठता उठता पुन्हा बसले.

‘एक सांगा. खूण दोन्हीकडे खोडलीत. तुम्हाला कुठे करायची होती?’

‘‘होय’ म्हटलं की धर्मराजकाका एका क्षणात राक्षस होतात. ते नव्हते, किंवा असतील, मला माहीत नाही. ‘नाही’ म्हटलं की ते बारा दिवस नव्हतेच असं होतं. ते होते. आणि मी एकटी नाही, सर. हेतलचा तो ‘पण’ तुम्ही खोडलात. माझ्या चाळिसांत तसे निदान दहा आहेत. ‘पण’ म्हटल्यावर त्या थांबतात आणि माझ्या पेनकडे बघतात.’

झिराडकरांनी कानावरचं पेन काढलं. गुडघ्यावर कोरा फॉर्म ठेवला. दोन चौकोनांच्या खाली, पट्टी नसल्यामुळे जरा वाकडा, तिसरा चौकोन काढला. मग त्यापुढे काय लिहायचं यावर त्या दोघांनी त्या जिन्यात पाऊण तास वाद घातला. ‘अनिश्चित’ शशिकलाने उडवलं. ती म्हणाली, पाऊस अनिश्चित असतो. ‘माहीत नाही’ झिराडकरांनी उडवलं. ते म्हणाले, माहीत तर आहे. वरून दूधवाला उतरला, दोघांना पाहून म्हणाला, ‘चावी हरवली काय?’ शेवटी जे ठरलं ते व्याख्येच्या दृष्टीने अगदी गबाळं होतं: ‘काहीतरी घडलं. त्याला काय म्हणायचं ते सांगता येत नाही.’

नवे फॉर्म छापले. चौघीजणी पुन्हा सगळ्या घरांत गेल्या. ज्यांनी आधी ‘होय’ सांगितलं होतं, त्यांना कोणी पुन्हा विचारलं नाही, तो नियम शशिकलाने लावून घेतला. बाकीच्यांना फक्त फॉर्म हातात द्यायचा आणि आपण खिडकीबाहेर बघायचं. झिराडकर घरी अस्वस्थपणे येरझाऱ्या घालत होते, कारण अकरा पानी व्याख्येला खिंडार पडलं होतं आणि ते त्यांनी स्वतः पाडलं होतं. सोफीवहिनी म्हणाल्या, ‘तुमच्या अब्बांनी ‘एक नाही, दोन नाही’ म्हणत बरोबर दहा माणसं मोजली. तुम्हाला एवढं जमायला हरकत नव्हती.’

महिन्याने बेरीज झाली. दोनशे चाळीस घरं. होय, एकोणतीस. नाही, एकशे पन्नास. तिसरा चौकोन, एकसष्ट. झिराडकरांनी ती बेरीज तीनदा केली, मग शशिकलाला करायला लावली, मग हेतलला. तिघांचीही एकच आली. शशिकला त्या एकसष्टकडे बघत बसली. जेवायची वेळ झाली तरी बसूनच होती.

इंद्रजीतला मात्र ते पटलं नाही. ‘सर, एकसष्ट जणींना काय झालंय ते आपण सांगू शकत नाही, मग छापायचं काय?’

‘हेच छापायचं,’ झिराडकर म्हणाले, ‘की सांगता येत नाही, आणि अशा एकसष्ट आहेत.’

‘लोक विचारतील, म्हणजे वाढलंय की कमी झालंय?’

‘मागच्या वेळी कोणी मोजलं नव्हतं. आणि मोजलं असतं तर त्यांची व्याख्या वेगळी असती. वाढलं की कमी झालं, मला माहीत नाही.’

‘हे फार कॉम्प्लिकेटेड होतंय, सर.’

झिराडकरांनी त्या तिसऱ्या चौकोनावर चार पानांची टीप लिहिली आणि अहवालाला जोडली. फेब्रुवारीत त्यांचा गुडघा पुरताच बोलायला लागला, म्हणून ते आणि सोफीवहिनी मुलीकडे, याएलकडे, इस्रायलमध्ये अश्दोदला गेले. शस्त्रक्रिया तिकडेच झाली. परत येण्याचं त्यांनी दोनदा ठरवलं आणि दोनदा पुढे ढकललं.

अहवाल जूनमध्ये छापून आला. त्यातल्या गोल आकृतीला दोनच रंग आहेत. एकसष्ट जणी ‘नाही’मध्ये मिळवल्या आहेत.